कडू तेलाची गोष्ट

कोकणातल्या मंडळींना कडू कवठीचे झाड काय ते सांगायला नको. कठीण सालीचे, लहान कवठासारखे फळ, आत तेलकट बिया. खरजेला, इसबाला हे तेल चोळायची जुनी चाल. या झाडाचा एक चुलतभाऊ ब्रह्मदेशात, सयामच्या उत्तरेस आणि आसामात वाढतो. त्याचे नाव चालमोगरा. ब्रह्मी लोक त्याला ‘कलॉ’ म्हणतात.

तिकडे एक कथा सांगतात. कुष्ठरोग झालेला एक राजा राज्य सोडून रानात गेला आणि कलॉची फळे खाऊन बरा झाला. कथा ती कथा. पण तेल मात्र पिढ्यान् पिढ्या वापरात होते. आपल्या सुश्रुतानेही कुष्ठावर ‘तुवरक’ सांगितला आहे, तोही पश्चिम समुद्राकाठचा. म्हणजे बहुधा आपली कडू कवठीच! १८५४ साली कलकत्त्याच्या मोआट नावाच्या डॉक्टरांनी चालमोगऱ्याविषयी लिहिले, आणि विलायतेचे लक्ष तिकडे गेले.

पण औषध मोठे हट्टी. प्यावे तर पोट ढवळून ओकारी व्हायची, टोचावे तर तेल इतके दाट की कातडीखाली गाठी धरायच्या. ही अडचण सोडवली कोणी? हवाई बेटांवरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ॲलिस बॉल या निग्रो वंशाच्या तरुणीने. १९१५ च्या सुमारास तिने तेलातली आम्ले वेगळी केली, अल्कोहोलशी त्यांचा संयोग घडवला, आणि टोचता येईल असे पातळ औषध तयार केले. मोलोकाई बेटावर घरच्यांपासून कायमचे तोडून टाकण्याच्या काळात काही रोगी या औषधामुळे घरी परतले. बाई मात्र १९१६ अखेर, अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली. पुढे तिचे काम दुसऱ्यांनी आपल्या नावावर छापले! १९२२ साली तिच्या एका सहकारी डॉक्टरांनी ‘बॉल पद्धत’ असा उल्लेख केला तेवढाच. बियांची मागणी वाढली तशी १९२० मध्ये जोसेफ रॉक हा वनस्पतितज्ज्ञ सयाम–ब्रह्मदेशाची राने तुडवीत हे झाड शोधत फिरला.

तरी खरे सांगायचे तर हा पक्का इलाज नव्हता. कित्येकांचा रोग पुन्हा उलटे. १९४० नंतर सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. आता १९८१ पासून सुचवलेली बहुविध औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभर घेतली की रोग जातो.

आमच्या गावच्या एक काकू मात्र अंगावरच्या चट्ट्याला दोन वर्षे तेलच चोळत राहिल्या. दवाखान्यात आल्या तेव्हा दोन बोटे वाकली होती. रोग बरा झाला. बोटे काही सरळ झाली नाहीत.

गुरुजी, वर्गातल्या मुलाच्या अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला, तर त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापसाची वात चट्ट्यावर हळूच फिरवा. कुठे लागले ते त्याला बोटाने दाखवता आले नाही, तर त्याच आठवड्यात पालकांना घेऊन आरोग्य केंद्रात जा. आणि वर्गात त्याची जागा बदलू नका.