वाळूत मुरणारे पाणी



ज्या विज्ञानशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीला मी प्रथम अभिवादन करतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकवितेवर बोलावे, अशी आयोजकांची अपेक्षा असणार. मी विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी दोनदा खात्री करून घेतली, "सर, माशांच्या टाकीतली वाळूच ना?" होय, वाळूच. सरांनी आपल्या प्रयोगशाळेत जी तीन फुटी काचपेटी ठेवली, तिच्या तळाशी त्यांनी चार बोटे नव्हे, चांगली चार इंच बारीक वाळू भरली होती. तिला गाळणयंत्र नव्हते. पाणी हलते ठेवण्यापुरता हवेचा एक लहानसा पंप तेवढा होता. येत्या सुट्टीत प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलणार आहे आणि त्याबरोबर ही पेटीही. ती कशी हलवावी याविषयी शिक्षकवर्गात मतभेद आहेत, असे कानावर आले. मला या छंदाची तीसेक वर्षांची सवय आहे; म्हणून म्हटले, हाच विषय घ्यावा.

मराठीचा माणूस शब्दांपासूनच सुरुवात करणार. पाणी स्वच्छ होण्याला आपल्या भाषेत तीन क्रियापदे आहेत. आपण पाणी 'गाळतो', म्हणजे फडक्यातून ओततो आणि कचरा फडक्यावर उरतो. पाणी 'निवळते', म्हणजे ते स्वस्थ ठेवले की गाळ तळाशी बसतो. मडक्याच्या आत निवळीचे बी घासण्याची जुनी रीत याच शब्दाच्या कुळातली. आणि तिसरे, पाणी 'मुरते'. जमिनीत मुरते, लोणचे मुरते, माणूससुद्धा एखाद्या कामात मुरतो. 'कुठेतरी पाणी मुरते आहे' असे आपण संशयाने म्हणतो, कारण मुरणे डोळ्यांना दिसत नाही. सरांच्या पेटीतली वाळू पाणी गाळत नव्हती. तिच्यात पाणी मुरत होते. या दोन क्रियापदांतला फरक ज्याच्या ध्यानात येत नाही, तो वाळू धुऊन स्वच्छ करायला निघतो आणि मासे मारतो.

मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी असतो. किती विषारी, ते पाण्याच्या सामूवर आणि उष्णतेवर ठरते. २८ अंश सेल्सिअस तापमानाला, म्हणजे आपल्या सिल्वासाच्या घरांतल्या नेहमीच्या पाण्यात, सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग घातक रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग सहा-साडेसहा टक्क्यांवर जातो. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच. थंड देशांतली पुस्तके वाचून आपल्याकडे पेट्या भरणाऱ्यांनी हे आकडे आधी पाहावेत.

हा अमोनिया जातो कुठे? या प्रश्नाचे पहिले प्रायोगिक उत्तर वाळूनेच दिले. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युन्ट्स या दोन संशोधकांनी वाळू व चुनखडी यांनी भरलेल्या एका लांब नळीतून गटाराचे पाणी अगदी सावकाश झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत होता. मग तो नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागले. वाळूत काही रासायनिक गुण असता तर तो पहिल्या दिवशीच दिसला असता. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा काम बंद पडले. पुढे मातीचे थोडे पाणी वरून घातले आणि काम पुन्हा सुरू झाले. म्हणजे काम करणारी वाळू नव्हती, वाळूच्या आश्रयाने राहणारे कोणीतरी सजीव होते. ते जीवाणू विनोग्राद्स्की याने १८९० मध्ये वेगळे करून दाखविले.

इथे एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा समतोल साधता येतो, हे १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने मांडले. त्याने लावलेली वनस्पती होती व्हॅलिसनेरिया. आपल्या तळ्यांतही ती उगवते. सडलेली पाने पाणी नासवू लागली, तेव्हा त्याने गोगलगायी सोडल्या आणि पाणी सुधारले. त्याच्या मुलाचे नावही रॉबर्टच. हा मुलगा पुढे रॉथमस्टेड येथे जमिनीतल्या नायट्रेटवर काम करीत राहिला आणि अमोनियाचे नायट्रेट होणे ही दोन टप्प्यांची, दोन वेगवेगळ्या जीवाणूंची क्रिया आहे, हे त्याने दाखविले. बापाची मत्स्यपेटी आणि लेकाची माती यांचे कोडे एकच होते.

परंतु नायट्रेट झाले म्हणजे काम संपले नाही. आपल्याकडे अनेक वर्षे जाळीदार पट्टीचा 'अंडरग्रॅव्हल फिल्टर' घरोघरी होता. वर जाड खडे, खाली पट्टी आणि हवेच्या जोरावर खड्यांतून ओढले जाणारे पाणी. यात सर्वत्र प्राणवायू खेळता राहतो, म्हणून अमोनियाचे नायट्रेट उत्तम होते आणि मग ते नायट्रेट साठत राहते. खोल वाळूची गोष्ट वेगळी. बारीक वाळूत पाणी वाहत नाही, ते कणाकणाने शिरते. वरच्या थोड्या थरातच प्राणवायू संपून जातो. त्याखाली राहणारे जीवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने सोडून देतात. आपण श्वासात घेतो त्या हवेचा सुमारे ७८ टक्के भाग हाच नत्र आहे. काचेला लागून वाळूत अडकलेले बारीक बुडबुडे पुष्कळदा त्याचेच असतात. मुलांनी पेटीच्या बाजूने पाहावे: वर तपकिरी, खाली राखाडी, काही ठिकाणी काळे. तो काळेपणा घाण नव्हे, ती प्राणवायूविना चालणाऱ्या जीवनाची खूण आहे.

समुद्री माशांच्या छांदिष्टांना हे महत्त्व प्रथम उमगले. प्रवाळांना नायट्रेट फारसे सोसत नाही आणि घरी दर आठवड्याला समुद्राचे पाणी कोण आणणार? १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत प्रवाळखडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री पेटी चालते, असे लिहिले. फ्रान्सचे प्राध्यापक झाँ झोबेर यांनी वाळूच्या जाड थराखाली पाण्याची एक बंद पोकळी ठेवून मोनॅकोच्या सागरी संग्रहालयात प्रवाळ वाढविले. त्यांचा यावरचा निबंध १९८९ चा. पुढे अमेरिकेत रोनाल्ड शिमेक यांनी पोकळीवाचूनच, कीटक-कृमींनी गजबजलेल्या बारीक वाळूच्या खोल थराचा पुरस्कार केला. या दोन पंथांतले वाद आपल्या द्वैत-अद्वैतापेक्षा कमी चुरशीचे नाहीत. त्यात मी शिरत नाही.

वाळूच्या या सामर्थ्याची फार मोठी परीक्षा मात्र मत्स्यपेटीत झाली नाही, ती १८९२ साली जर्मनीत झाली. हॅम्बुर्ग शहर एल्ब नदीचे पाणी न गाळता पीत होते. शेजारचे आल्टोना शहर प्रवाहाच्या खालच्या अंगाला, हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे पाणी घेत होते. परंतु ते वाळूच्या थरातून संथपणे झिरपवून. त्या वर्षीच्या पटकीत हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे दगावली, आल्टोना जवळजवळ बचावले. दोन शहरांच्या सीमेवरच्या रस्त्यावर एका बाजूला रोग आणि दुसऱ्या बाजूला नाही, असे चित्र दिसले. रॉबर्ट कॉख यांनी त्यावरून वाळूची बाजू जगापुढे ठामपणे मांडली. त्या गाळणीतही खरे काम वाळूवर धरलेल्या जिवंत, बुळबुळीत सायीचे असते. आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने १९७० च्या दशकात याच संथ वाळूगाळणीवर खेड्यांसाठी काम केले. प्रात्यक्षिकासाठी निवडलेल्या गावांत नागपूर जिल्ह्यातले बोरुजवाडा होते. आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांवरील बायका वैशाखात ओढ्याच्या वाळूत झिरा खणून वाटीवाटीने पाणी भरतात, त्यांना हे कोणत्याच संस्थेने शिकविलेले नाही.

आता थोडे व्यवहाराचे. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद पेटीत चार इंच वाळू भरायची तर सुमारे ५५ किलो कोरडी वाळू लागते. तिवई तेवढ्या वजनाची हवी. कण साखरेएवढे बारीक असावेत. जाड खड्यांच्या फटींत अन्न पडून सडते आणि खोल थराचा हेतूच साधत नाही. रंगीत खड्यांविषयी मी काही बोलत नाही. माशांना विचारता आले असते तर त्यांनीच सांगितले असते. बांधकामाची वाळू चालते; मात्र पाणी निर्मळ निघेपर्यंत, म्हणजे दहा-बारा वेळा, ती धुवावी लागते. चिमूटभर वाळूवर लिंबू पिळून पाहावे. फेस आला तर तिच्यात शिंपल्यांचा चुना आहे. दमणच्या किनाऱ्याच्या वाळूत तो असणारच. समुद्री पेटीला तो उपकारक, गोड्या पाण्यात मात्र तो पाणी जड करतो.

मग थांबायचे. वरच्या थरातले जीवाणू जम बसवायला चार-सहा आठवडे घेतात, खालचे काही महिने. तोवर मासे मोजके ठेवावेत आणि पुढेही मोजकेच. उभट, सुईसारख्या शंखाच्या छोट्या गोगलगायी आपल्या ओढ्यांत मिळतात. त्या रात्री वाळूत शिरून वरचा थर हळुवार सैल ठेवतात. मुळांवाटे वाळूत प्राणवायू पोचविणाऱ्या वनस्पती लावाव्यात. कोकणातल्या नद्यांच्या पात्रांत उगवणारी क्रिप्टोकोरीन या कामी उत्तम. वीज गेली की यंत्राच्या डब्यातले जीवाणू काही तासांत गुदमरू लागतात. वाळूतल्यांना विजेची वार्ताच नसते. आपल्या भागात हे थोडे नाही.

तथापि वाळू म्हणजे कामधेनू नव्हे. फॉस्फेट ती नाहीसे करीत नाही, ते साठत जाते. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, म्हणून थोडे पाणी बदलावेच लागते. गोड्या पाण्याच्या पेटीत नायट्रेट कमी होण्याचे किती श्रेय खालच्या जीवाणूंचे आणि किती वनस्पतींचे, यावर जाणत्यांत एकमत नाही; माझे माप वनस्पतींकडे झुकते. आणि जुना थर उकरला तर कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू बाहेर पडू शकतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट असते, म्हणून तिथे हा धोका मोठा. गोड्या पाण्यात तो कमी, पण आहे. एका शाळेत दर शनिवारी शिपायाकडून टाकीची वाळू घासून घेतली जाई. निरीक्षणाच्या दिवशी टाकी चकचकीत होती आणि महिन्याभरात रिकामी.

नदीचे पात्र याच नियमाने चालते. दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांना ती पावसाळ्यात तांबडी आणि मार्गशीर्षात नितळ कशी होते, ते ठाऊक आहे. गाळ बसतो हे खरे. पण त्यातले विरघळलेले, न दिसणारे विष पचविण्याचे काम पात्रातल्या वाळूच्या पोटात चालते. पात्रातून वाळू उपसली की त्या जीवाणूंचे घरही उपसले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान वाळूपट्ट्यांनाही पर्यावरणाची मंजुरी आवश्यक ठरविली. तो निर्णय इथल्या दहावीच्या मुलांना शिकवावा, असे मला वाटते. मुलांनी पेटीसाठी नदीतून वाळू आणू नये, दुकानातून दोन पोती घ्यावीत.

आता सरांच्या पेटीकडे वळतो. दोन मते ऐकली. पहिले, वाळूसकट ती उचलून न्यावी. दुसरे, सारे फेकून देऊन यंत्राची नवी टाकी घ्यावी. पहिले मत सरांवरच्या प्रेमापोटी आले आहे, परंतु ते धोक्याचे आहे. काच तडकेल आणि हिसक्याने सगळे थर एकमेकांत मिसळतील. दुसऱ्यात तर सरांचे कामच संपते. माझी सूचना अशी. आधी मासे आणि वनस्पती निम्म्याअधिक जुन्या पाण्यासह पिंपात हलवाव्यात व पंप तिथे चालू ठेवावा. मग वाळूचा वरचा दोन बोटे थर पसरट भांड्याने अलगद काढून ओल्या बादलीत ठेवावा. तो नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याने धुवू नये. खालची काळी वाळू खिडक्या उघड्या ठेवून काढावी आणि शाळेच्या बागेत टाकावी. गुलाबांना ती मानवेल. नव्या जागी नवी धुतलेली वाळू भरावी आणि तिच्यावर बादलीतला जुना थर विरजणासारखा पसरावा. वनस्पती त्याच दिवशी लावाव्यात. मासे आठवडाभराने, दोन-दोन करून सोडावेत. अमोनिया तपासण्याचे द्रावण आठवीच्या वर्गाकडे द्यावे आणि रोजची नोंद फळ्यावर लिहावी. दिवाळीपर्यंत त्या वाळूला कोणी हात लावू नये, एवढी चिठ्ठी काचेवर डकवावी. शिपाईमामांना ती वाचून दाखवावी.