सडकेची साक्ष
(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आपल्या फाट्यावरचा अपघात तुम्हांला आठवत असेल. सकाळची वेळ होती. टेंपो आणि मोटारसायकल यांची समोरासमोर धडक झाली. मोटारसायकलवरचा मुलगा जागीच गेला. आपण सगळे धावलो. कुणी म्हणाले, "टेंपो भरधाव होता." दुसऱ्याने तेच म्हटले. मीही हवालदारांना तेच सांगितले. मोठी गाडी म्हणजे तिचीच चूक, असे आपण धरूनच चालतो ना!

थोड्या वेळाने फौजदार आले. त्यांनी आधी आपल्याला काही विचारले नाही. सडकेला विचारले.

सडक कशी बोलते, ते सांगतो. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की चाके फिरायची थांबतात. गाडी मात्र घसरत पुढे जाते. डांबरावर टायरचे काळे पट्टे उमटतात. जाणकार लोक ते टेपने मोजतात. सडक कोरडी होती की ओली, चढ होता की उतार, हेही पाहतात. मग वेगाचा हिशेब मांडतात. कोरड्या डांबरी सडकेवर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार थांबेपर्यंत साधारण ९ मीटर घसरते. वेग ८० असला तर किती? तुम्ही म्हणाल, १८. नाही! ३६ मीटर. वेग दुप्पट, तर घसरण चौपट. इतकी वर्षे मुलांना गणित शिकवलं, पण हे उदाहरण मला कधी सुचलं नाही.

धडक नेमकी कुठे झाली, ते चिखल सांगतो. मडगार्डच्या आत वाळलेला चिखल धक्क्यासरशी खाली पडतो. काचा लांब उडतात, चिखल तिथेच जवळपास राहतो. मोटारसायकलचे लोखंड घासून डांबरावर ओरखडा उठतो, तोही पाहतात.

रात्रीचा अपघात असेल तर दिव्याचा फुटका बल्बसुद्धा प्रयोगशाळेत जातो. दिवा चालू असताना फुटला, तर आतली तापलेली तार हवा लागून जळते, तिचा रंग बदलतो. बंद असताना फुटला, तर तार चकचकीत राहते. म्हणजे "माझा दिवा चालू होता" ही थाप चालत नाही. गाडीचे ब्रेक ठीक होते की नव्हते, ते मोटार निरीक्षक तपासतात.

अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेक दाबला तरी चाके अडकून बसत नाहीत. त्यांचे पट्टे पुसट उमटतात. पण काही मोटारींत शेवटच्या क्षणांची नोंद ठेवणारे यंत्र असते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्याला धडकली. त्यात ते व आणखी एक प्रवासी दगावले. धडकेच्या ५ सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता आणि आदळताना ८९ होता, असे मोटारीच्या नोंदींवरून कळले.

आता आपल्या फाट्याकडे येतो. टेंपोचा पट्टा ९ मीटरही भरला नाही. टेंपो आपल्या डाव्या अंगालाच होता. चिखल नि ओरखडा त्याच बाजूला. मुलगा उजवीकडून आला होता. चिखल तरी थोडाच उरला होता. बाकीचा आपण बघ्यांनी तुडवला. मोटारसायकलही आपणच उचलून कडेला ठेवली होती.

जखमी माणसाला आधी उचला, त्यात क्षणाचाही उशीर नको. १०८ ला फोन लावा. २०१९ साली मोटार कायदा दुरुस्त झाला, त्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, भिऊ नका. पण गाडी हलवावीच लागली, तर आधी चाकांभोवती चुन्याने नाहीतर कोळशाने रेघ ओढा. कुणाकडे मोबाइल असेल तर फोटो काढा. पट्ट्यांवरून चालू नका.

फौजदारांनी मला शेवटी विचारले, "गुरुजी, तुम्ही टेंपो येताना पाहिलात?" मी टपरीकडे तोंड करून उभा होतो. आवाज ऐकला, मग वळलो. मुलाची चूक ठरली तर घरच्यांची भरपाई कमी होते, हे मला ठाऊक होते. तरी जबाब बदलून घेतला. "धडकेआधीचे मी पाहिले नाही," असे लिहून सही केली.

मुलाचे वडील माझेच विद्यार्थी. पुष्कळ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. परवा बाजारात भेटले. "गुरुजी, चहा घेता का?" म्हणाले. आम्ही चहा घेतला. त्या दिवसाबद्दल दोघेही काही बोललो नाही.