महाडला जाऊन काय पाहिलं?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण सुलतानपूरकर डिसेंबरात महाडला जाऊन आलो. जे आले नाहीत ते विचारतात, एवढ्या थंडीत एवढ्या लांब जाऊन पाहिलं तरी काय? त्यासाठीच आम्ही बोलायला उभे आहोत.

महाड हे सावित्री नदीकाठचं जुनं बाजारपेठेचं गाव. पूर्वी मुंबईची बोट खाडीतून दासगावपर्यंत येई. १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेब 'पद्मावती' बोटीने दासगावला उतरले आणि तिथून लोकांसोबत पायी महाडला गेले. आपण गाडीत बसून गेलो, तरी कंबरा धरल्या म्हणून कुरकुर चाललीच होती!

चवदार तळ्यावर पोचलो तर आपल्यातली एक आजी म्हणाली, "एवढंसंच हाय का वो? आपलं लोणारचं केवढं हाय!" सगळे हसले. खरंच आहे, लोणार केवढं तरी मोठं. पण त्याचं पाणी खारं, तोंडात धरवत नाही. हे तळं गोड्या पाण्याचं, अन् तेच आपल्या माणसांना बंद होतं. जनावरं पीत होती, माणसाला मनाई होती.

आता पाट्यांवर फारसं वाचायला मिळत नाही ते सांगतो. १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. तो पास झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. म्हणजे कागदावर हक्क आधीच आला होता! पण कागद दप्तरात आणि तळ्यावर जायची कोणाची छाती नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, ओंजळीनं पाणी प्यायले, तेव्हा त्या कागदात जीव आला. मग मारहाण झाली. तळं पंचगव्यानं 'शुद्ध' केलं. ऑगस्टात नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मंडपाला जागा कोणी देईना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं दिली. २५ तारखेला मनुस्मृती जाळली. पण तळ्यावर कोर्टाचा मनाई हुकूम होता. जीव द्यायला तयार झालेली माणसं समोर बसलेली असताना बाबासाहेबांनी पाणी प्यायचं थांबवलं, तळ्याभोवती मिरवणूक काढली आणि लढा कोर्टात नेला. आम्हाला विचाराल तर पाणी पिण्यापेक्षा हे अवघड होतं. तळं आमच्या मालकीचं, असं समोरच्यांचं म्हणणं. ते टिकलं नाही. फार पुरातन वहिवाट आहे, हेही त्यांना शाबीत करता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. पाणी प्यायले एका दिवसात, निकालाला दहा वर्षं लागली.

त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले, मुलींना शिकवा म्हणाले. हे क्रांतिस्तंभापाशी सांगितलं तेव्हा आपल्या भगिनी पुढं येऊन बसल्या, पुरुष मंडळी चहाला पांगली. असो!

गांधारपाल्याची बौद्ध लेणी घाईत पाहिली. पाचाडला जिजाऊंच्या समाधीवर गेलो. आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाची लेक १६७४ साली तिथं विसावली, म्हणून माहेरची माणसं आल्यासारखं वाटलं.

आता कामाचं. आपल्या वस्तीच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. तोंडी सांगून सगळे दमले. आम्ही गिरणीकामगार, आम्हाला ठाऊक आहे की गेटवरचं बोलणं गेटवरच विरतं, सही-शिक्क्याची पोच मात्र साहेबाला नाकारता येत नाही. आजवर दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या फोटोमागं आहेत. त्या येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात आणाव्यात. तारखेवार लावून एक फाईल करू, तिची झेरॉक्स विहाराच्या कपाटात राहील. लिहायला शिकलेल्या पोरी बसतील, मजकूर आम्ही सांगू. आणि अर्ज द्यायला दोघं-तिघं नकोत, घरटी एक माणूस निघावं.

जय भीम!