वर्षावासानंतरची हवा

(आश्विन पौर्णिमेस वर्षावास सांगता कार्यक्रमात केलेले भाषण)



आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आज संपतो आहे. श्रावस्तीला असाच एक वर्षावास संपल्यावर भगवान बुद्ध आणखी महिनाभर थांबले आणि कार्तिक पौर्णिमेच्या रात्री त्यांनी भिक्खूंना आनापानसती, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याची साधना सांगितली. आज आम्ही श्वासाबद्दलच, पण ज्या हवेत तो घ्यायचा तिच्याबद्दल बोलणार आहोत.

भगवंतांची शिकवण अशी की, कारण असेल तर कार्य घडते. कारण गेले की कार्यही थांबते. हवा बिघडते तीही नशिबाने नव्हे. आपल्या संगमनेरचेच पाहा. गाव प्रवरा-म्हाळुंगीच्या संगमावर, नदीच्या खोऱ्यात वसलेले. पश्चिमेला १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, दक्षिणेला बाळेश्वराची रांग. ढग सह्याद्रीवरच रिते होतात. घाटघरला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस, तर संगमनेरला पाचशेच्या आतबाहेर.

तरीही पावसाळ्यात आपली हवा चांगली असते. पश्चिमेचा वारा धूर पुढे नेतो, सरी धूळ खाली बसवितात, वीटभट्ट्या आणि ऊस गाळप बंद असते. वैशाखात धूळ पुष्कळ. पण तापलेली जमीन हवेला वर ढकलते, त्यामुळे धूर उंच जाऊन विरतो.

खरी अडचण हिवाळ्यात. निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते. डोंगरउतारावरची गार, जड हवा पाण्यासारखी खोऱ्यात उतरते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. नेमके तेव्हाच कारखान्यांचे गाळप सुरू होते, भट्ट्या पेटतात, शेतात पाचट जळते, गल्लोगल्ली शेकोट्या लागतात. म्हणजे धूर वाढतो त्याच वेळी तो वाहून नेणारा वारा मंदावतो. ऊन चढेपर्यंत तो गावातच रेंगाळतो.

या धुरातील सूक्ष्म कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्या देशाने २००९ साली घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठरविली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितली.

हवा सर्वांची असली तरी धुराचा वाटा सारखा नसतो. ऊसतोड कामगारांच्या कोप्या, भट्टीवरची बिऱ्हाडे, नदीकाठच्या सखल वस्त्या यांच्या वाट्याला तो अधिक येतो. विडी वळणाऱ्या आमच्या आया-बहिणी दिवसभर तंबाखूची धूळ घेतात आणि संध्याकाळी चुलीपुढे बसतात. ज्याचा धूर सर्वांत कमी, त्यालाच खोकला सर्वांत जास्त, हा न्याय नव्हे.

मग करायचे काय? डोंगर हलविता येत नाहीत, ऋतू बदलता येत नाहीत. पण आग लावणारा हात आपला आहे. शेतकरी बांधवांनी पाचट न पेटविता सरीत कुजवावे. जमिनीलाही खत मिळते. २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. आपल्या विहाराच्या आवारापासून तिचे पालन सुरू करू. पोलीस भरतीसाठी पहाटे पाचला धावणाऱ्या मुलामुलींना कळकळीची विनंती, कार्तिक ते माघ धावण्याचा सराव दुपारी चारनंतर करा. पहाटेची हवा शुद्ध असते ही समजूत आपल्या खोऱ्यात हिवाळ्यात खरी ठरत नाही. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी आठला बाळेश्वराचे डोंगर स्पष्ट दिसतात की नाही, एवढे वहीत लिहावे. वर्षभरात ती वही नगरपालिकेपुढे मांडण्याजोगा पुरावा होईल.

बाबासाहेबांनी आपल्याला अर्ज-विनंत्यांच्या आधी अभ्यास करायला शिकविले. महाडला १९२७ साली त्यांनी पाण्याचा हक्क मागितला. स्वच्छ श्वासाचा हक्क त्याच वाटेवरचा आहे. तो आधी समजून घेऊ, मग एकजुटीने मागू.

नमो बुद्धाय! जय भीम!