पोयी, पोळी आणि शनाया



या व्यासपीठावर उभं राहिलं की पहिलं स्मरण वीर वामनराव जोशींचं. अमरावतीत बसून त्यांनी ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि ‘रणदुंदुभि’ ही नाटकं लिहिली आणि उभ्या महाराष्ट्रानं ती पाहिली. आज मात्र मी घरातल्या छोट्या पडद्याबद्दल बोलणार आहे, तेही अकोल्याच्या एका मुलीच्या निमित्तानं.

रसिका सुनील. जन्म १९९२, अकोला. २०१६ मध्ये ‘पोश्टर गर्ल’ चित्रपटातल्या लावणीनं ती लोकांच्या नजरेत भरली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली. तिनं साकारलेली त्यातली खलनायिका शनाया नुसती दुष्ट असती, तर चार महिन्यांत लोक कंटाळले असते. रसिकानं तिला लाडावलेली, आळशी, जराशी बावळटही केली. त्यामुळे तिची चीड यायची आणि हसूही फुटायचं. मालिका जोरात असताना, २०१८ मध्ये ती भूमिका सोडून ती अभिनय शिकायला अमेरिकेला गेली. मधल्या काळात ईशा केसकरनं शनाया केली, आणि २०२० मध्ये रसिका त्याच भूमिकेत परतली. पुढे ‘डाएट लग्न’मधून नाटकातही आली. लावणी, खलनायिका, रंगमंच... मुलीनं एका साच्यात बसणं नाकारलं.

आता या मालिकेतली गंमत बघा. वैदर्भी बोलणारी, नागपूरकडची नायिका राधिका साकारली नाशिकच्या अनिता दाते यांनी. आणि आपल्या अकोल्याची पोरगी बोलत होती मुंबईच्या उच्चभ्रू मुलीची मराठी! दोघींनी आपली नसलेली भाषा कमावली. नटाचं कामच ते, म्हणून दोघींचंही मला कौतुक आहे.

पण ही कमाई कशी होते, ते मी तालमीत रोज बघते. माझ्याकडे एक मुलगी येते. दातांत पेन्सिल धरून ती ‘केळं, डोळा, पोळी’ घोकते, कारण तिच्या वऱ्हाडी जिभेवर ‘केयं, डोया, पोयी’ आहे. ‘मी आली’ म्हणाली की स्वतःच थांबते आणि ‘मी आले’ म्हणते. परवा हसत सांगत होती, ‘मॅडम, घरी गेली की माय विचारते, काऊन वं, पोयी कुठी ठेवून आली?’

तिनं पोळी शिकावीच. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, ती आपल्या लेखकांबद्दल आहे. पडद्यावर आपली वऱ्हाडी बोली येते ती बहुधा हशा पिकवायला, नाहीतर भोळी गृहिणी दाखवायला. अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी ‘चला हवा येऊ द्या’मध्ये पिकवलेला हशा मेहनतीचा आहे, त्याला माझा सलाम. पण या बोलीला फक्त हसवता येतं, असं कोणी ठरवलं? उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ कादंबरीतली कौतिक १९६० पासून याच बोलीत आपलं दुःख सांगते आहे, आणि ते वाचताना कोणाला हसू येत नाही.

म्हणून इथं जमलेल्या लिहित्या हातांना माझं एकच मागणं आहे. वऱ्हाडीत उलटतपासणी घेणारी वकील लिहा. वऱ्हाडीत कारस्थान रचणारी, उंची साडी नेसलेली खलनायिका लिहा. रात्रपाळीत रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगणारी डॉक्टर लिहा, आणि ती बातमी तिला तिच्या बोलीत सांगू द्या. अशी भूमिका समोर आली, तर बडनेऱ्याला मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या पोरीला आपली बोली फलाटावर ठेवून जावं लागणार नाही.

अभिनय करायला आपल्या मुली समर्थ आहेत. तुम्ही फक्त संवाद लिहा. कुठं पोळी म्हणायचं आणि कुठं पोयी, ते त्या पाहून घेतील.