शेणखत कुजलंय का?

नारायणगावकडचा टोमॅटो असो, ओतूरचा कांदा असो की मंचरची मेथी-कोथिंबीर, रान तयार करताना एकरी 8 ते 10 टन शेणखत घाला. पण पुरतं कुजलेलंच. उकिरड्याच्या पोटातून मूठभर खत काढून बघा. काळसर, भुसभुशीत, हाताला गार आणि वास मातीचा, तर खुशाल पसरा. वाफ निघत असेल, काड्या ओळखू येत असतील, तर कळकळीनं सांगते, थांबा. अर्धकच्च्या खतातून हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी थेट रानात येतं. शिवाय असं खत कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतं, रोपं पिवळी पडतात. पुरतं कुजेपर्यंत ढीग ओलसर ठेवा, अधूनमधून वरखाली करा. खत शेवटच्या कुळवाच्या पाळीत मिसळा, मगच वाफे ओढा.