एकाच वाफेची दोन कामे



चेन्नईच्या सपाटीवर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना घाटाची ओढ माहेरची. बोरघाट दूर, म्हणून आपण मुलाबाळांसह मेट्टुपाळयमला जातो आणि निलगिरीच्या छोट्या गाडीत बसतो. ती गाडी मागून ढकलणाऱ्या ‘एक्स’ वर्गाच्या इंजिनाविषयी आज चार शब्द.

बोरघाटाचा चढ सदतिसास एक. कल्लार ते कुन्नूर तो बारास एक. तेथे नुसती चाके घसरतात, म्हणून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्ट्या बसविल्या आहेत. स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे १९१४ पासून घडलेल्या या इंजिनांना चार सिलिंडर असतात. सपाटीवर खालचे दोनच चालतात. चढ लागला, की त्यांनी वापरून सोडलेली वाफ वरच्या दोहोंत शिरते व दातेरी चाके फिरविते. हेच संयुक्त इंजिन. युरोप-अमेरिकेत मालगाड्यांसाठीही ही युक्ती योजली गेली. पुढे बहुतेक ठिकाणी ती मागे पडली. निलगिरीत मात्र टिकली.

२००५ साली या मार्गाला जागतिक वारशाचा मान मिळाला. पण मानाने गाडी चढत नाही. जुनी इंजिने थकली, तेव्हा तिरुचीच्या गोल्डन रॉक कारखान्यातील कारागिरांनी त्याच वर्गाची नवी घडविली.

आपल्या मंडळाचेही असेच आहे. वडीलधाऱ्यांनी पन्नास वर्षे गाडी ओढली. त्यांची वाफ अजून सरलेली नाही. ती घेऊन पुढचा चढ चढायला आपली मुले येणार का, एवढाच आमचा प्रश्न आहे.